सर जॉन चार्नली

तोरणा-राजगडाच्या मुलखातील चढउताराच्या वाटा जन्मभर तुडविलेली वृद्ध माणसे हल्ली पुण्यास जाऊन झिजलेला सांधा बदलून घेतात व काठी टेकीत विंझरास परत येतात. ज्या पुरुषाचे हे ऋण, त्याचे नावही आमच्यापैकी पुष्कळांस ठाऊक नाही. म्हणून हे अल्प चरित्र देत आहो.

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडातील बरी या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते, आई परिचारिका. मँचेस्टर येथे १९३५ साली ते वैद्यकाची परीक्षा उतरले व महायुद्धात लष्करी वैद्यकीय दलात राहिले. पुढे १९४६ च्या सुमारास हाडाचा तुकडा कसा जडतो हे पाहण्यासाठी त्यांनी एका सहकाऱ्याकडून आपल्याच नडगीवर शस्त्र चालवून घेतले. जखम चिघळली, जंतू हाडात शिरले, आणि पुन्हा शस्त्राखाली जावे लागले. हा हट्ट शहाणपणाचा होता असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु हाडातील पू म्हणजे काय, हे त्यांस स्वतःच्या देहावर कळले.

रायटिंग्टन येथील जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा सिद्ध केला. टेफ्लॉनची वाटी झिजली, तेव्हा १९६२ साली त्यांनी चिवट पॉलिथिलीन घेतले. सांधा टिकला, पण आरंभी शेकडा सुमारे सात रोग्यांस जंतुसंसर्ग होई. धातूत रक्त वाहत नाही, त्यामुळे त्यावर ठाण मांडलेल्या जंतूंस औषध सहज गाठीत नाही, व पुष्कळदा सांधाच काढावा लागतो. चार्नलींनी संशय घेतला तो हवेचा. माणसाच्या कातडीचे झडलेले सूक्ष्म कण जंतू घेऊन उघड्या जखमेत पडतात. हवा गाळण्याची यंत्रे करणाऱ्या हॉवर्थ यांच्या साहाय्याने त्यांनी शस्त्रक्रियागृहात आणखी एक लहानशी खोली उभारली, तीत गाळलेली हवा सोडली, आणि शस्त्रवैद्यांचा उच्छ्वास नळीने बाहेर ओढून नेणारा अंगभर पोशाख करविला. १९७० पर्यंत संसर्गाचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले.

१९७७ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. ५ ऑगस्ट १९८२ रोजी ते वारले. त्याच वर्षी आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची पाहणी प्रसिद्ध होऊन शुद्ध हवेचा व प्रतिजैविकांचा, दोहोंचाही गुण दिसून आला. पुढील पाहण्यांत हवेविषयी मतभेद झाला, व २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तशा हवेचा आग्रह धरू नये असे सुचविले. छेदापूर्वी स्नान, वेळेवर दिलेले प्रतिजैविक व ताब्यातील मधुमेह यांवर आज भर आहे.

घरी आलेल्या रोग्याच्या टाक्यांवर हळद दाबण्यास मात्र आमच्याकडे अजून कोणी ना कोणी पुढे येतेच.