जिम ग्रे: डेटाबेसच्या कॉपीतला धोका ओळखणारा माणूस

ऑफिसचा डेटाबेस फायरवॉलबाहेरच्या सर्व्हरवर रेप्लिकेट करायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं, तेव्हा मी दोन्हीकडे डेटा बदलायची मुभा ठेवली. मधला कनेक्शन तुटला आणि एकाच ग्राहकाचे दोन पत्ते तयार झाले. खरा कुठला, ते कुणालाच सांगता येईना. मग जिम ग्रे यांचा पेपर हाती लागला.

ग्रे यांचा जन्म १९४४ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. १९६९ मध्ये बर्कलीतून पीएचडी केल्यावर ते आयबीएममध्ये सिस्टिम आर या डेटाबेसवर काम करू लागले. तुम्ही यूपीआयने ५०० रुपये पाठवता, तेव्हा ते तुमच्या खात्यातून वजा होऊन समोरच्याला मिळतात, नाहीतर परत तरी येतात. मध्येच गायब होऊन चालत नाही. या ट्रान्झॅक्शनच्या कल्पनेला त्यांनी पक्की बैठक दिली. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये नोंदवायचा, हा त्यातला महत्त्वाचा नियम. आज अनेक डेटाबेस हाच लॉग दुसऱ्या सर्व्हरला पाठवून कॉपी ताजी ठेवतात.

पुढे ते टँडेम कंपनीत गेले, १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये. १९९६ च्या पेपरात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं: सगळ्या कॉपींमध्ये कुठेही बदल करू दिला, तर सर्व्हर आणि ट्रॅफिक दहापट झाल्यावर गुंते हजारपट होतात. उपाय असा, की प्रत्येक नोंदीची मुख्य कॉपी एकच. नेटवर्कबाहेर असलेल्याने तात्पुरती नोंद करावी. जोडणी आली की मुख्य कॉपीने ती तपासून स्वीकारावी किंवा नाकारावी.

मीही तेच केलं. बाहेरचा सर्व्हर फक्त वाचण्यापुरता ठेवला. टनेल आतून बाहेर काढला, त्यामुळे फायरवॉलमध्ये बाहेरून येणारा पोर्ट उघडावा लागला नाही. पहिली मोठी कॉपी हार्ड डिस्कवर नेली. प्रचंड डेटा नेटवर्कपेक्षा डिस्कवरून पाठवणं परवडतं, हेही ग्रे यांनीच दाखवलं होतं.

१९९८ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. नंतर त्यांनी खगोलशास्त्रज्ञांसोबत आकाशाचा डेटाबेस सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुला केला.

२८ जानेवारी २००७ ला आईच्या अस्थी विसर्जित करायला ते एकटेच शिडाच्या बोटीने फॅरलॉन बेटांकडे निघाले आणि परतले नाहीत. तटरक्षक दलाने समुद्र पालथा घातला. मित्रांनी उपग्रहाचे फोटो मिळवले आणि हजारो लोकांनी ते ऑनलाइन तपासले. बोटसुद्धा सापडली नाही. २०१२ मध्ये कोर्टाने त्यांना मृत घोषित केलं.

नवा रेप्लिका लावताना मी आजही आधी एकच गोष्ट ठरवतो: मुख्य कॉपी कुठली? तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.