भूगर्भाची खातेवही उघडणारे ओल्डहॅम

गेल्या उन्हाळ्यात जनवाड्याला आमच्या शेतात बोअरची गाडी आली. वरचा तांबडा जांभा संपला, काळा पाषाण लागला आणि तीनशे फुटांवर नुसता धुरळा उडू लागला, तेव्हा वडिलांनी काम थांबवायला सांगितले. पैसे गेले, पाणी लागले नाही. त्या संध्याकाळी आजीने मला विचारले की, अजून किती खोल गेले म्हणजे तळ लागतो? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्च मला येतो, पण याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आजीनेही ते सहज विचारले नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची धरणी हादरली, तेव्हा आमच्या घराच्या भिंतीला तडा गेला होता आणि पुढे कित्येक रात्री ती लेकरांना घेऊन अंगणात निजत असे.

उत्तर शोधता शोधता मला रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम या भूशास्त्रज्ञाची ओळख झाली. त्यांचा जन्म ३१ जुलै १८५८ रोजी डब्लिन येथे झाला. वडील थॉमस ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे पहिले प्रमुख. भारतात झालेल्या भूकंपांची यादी त्यांनी मोठ्या कष्टाने जमविली होती. परंतु ती छापून येण्यापूर्वीच १८७८ साली ते वारले. पुढच्याच वर्षी मुलगा त्याच खात्यात रुजू झाला आणि १८८३ साली त्याने वडिलांची ती यादी प्रसिद्ध केली. वारसा म्हणून कोणाला शेत मिळते, कोणाला दुकान. यांना भूकंपांची वही मिळाली!

१२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. सुमारे दीड हजार माणसे दगावली. ओल्डहॅम यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तो सारा मुलूख तपासला. मोठमोठे धोंडे आपल्या जागेवरून उडाले होते. चेद्रांग नदीकाठी जमीन एका बाजूला ३५ फुटांपर्यंत उचलली गेली होती. त्यांचा अहवाल १८९९ साली प्रसिद्ध झाला. याच भूकंपाच्या नोंदी दूर युरोपातील यंत्रांवरही उमटल्या होत्या. त्या ताडून पाहताना त्यांना आढळले की, धक्का एकाच प्रकारे येत नाही. सर्वांत आधी एक वेगवान लाट येते, मागून दुसरी, आणि शेवटी पृष्ठभागावरून सावकाश चालणारी तिसरी.

बाजारात रांजण घेताना आपण बोटाने टिचकी मारून पाहतो. आत हात न घालताही आवाजावरून तो पक्का आहे की तडकलेला, हे कळते. भूकंप ही निसर्गाने पृथ्वीला मारलेली टिचकीच होय. केंद्रापासून यंत्र जितके दूर, तितकी लाट अधिक खोलातून गेलेली असते. प्रकृतीच्या कारणास्तव ओल्डहॅम १९०३ साली निवृत्त होऊन मायदेशी परतले. पण वही मिटली नाही. फार दूरच्या ठिकाणी लाटा अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात, हे त्यांनी हेरले आणि १९०६ साली निष्कर्ष मांडला की, पृथ्वीच्या पोटात वेगळ्या द्रव्याचा एक गाभा आहे. खाणीत न उतरता, केवळ वेळांचे आकडे मांडून!

त्या गाभ्याचा आकार मात्र त्यांनी कमी धरला होता. १९१३ साली गुटेनबर्ग यांनी गाभ्याची कड सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर असल्याचे दाखविले. आकडा दुरुस्त झाला, खाते मात्र ओल्डहॅम यांनी उघडलेलेच राहिले. १५ जुलै १९३६ रोजी ते निवर्तले. त्याच वर्षी इंगे लेमान या विदुषीने गाभ्याच्या आतही आणखी एक गाभा असल्याचे सिद्ध केले.

मानवाची यंत्रे त्यामानाने कोठवर पोचली? रशियातील कोला येथील विवर १९८९ साली १२,२६२ मीटरपर्यंत गेले. पृथ्वीच्या ६,३७१ किलोमीटर त्रिज्येपुढे ते नखाच्या ओरखड्याएवढेच. कोयनेच्या परिसरात २०१७ साली तीन किलोमीटर खोल विवर पाडण्यात आले. किल्लारीलाही भूकंपानंतर ६१७ मीटर खोदले, तेव्हा ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली गाळाचा पातळ थर आणि त्याखाली अतिप्राचीन खडक सापडला.

हे सारे मी आजीला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले की, पुन्हा कधी हादरेल ते कळते का? कळत नाही, असे मला सांगावे लागले. ओल्डहॅम यांनाही ते कळले नव्हते आणि आजही कोणाला कळत नाही. परंतु किल्लारीत माणसे जमिनीने मारली नाहीत, दगडमातीच्या जड भिंतींनी मारली, हे मात्र कळते.

वडिलांकडे दुसऱ्या बोअरसाठी थोडे पैसे उरले होते. हिशेब मांडायला मला बसविले. पाण्याची गरज मोठी होतीच. तरी आजीच्या सांगण्यावरून त्यातला निम्मा पैसा आम्ही नव्या खोलीच्या चारी भिंतींवरून फिरणाऱ्या सळई-सिमेंटच्या पट्ट्याला लावला. बोअर पुढच्या वर्षावर गेली. आजी आता त्या खोलीत आत निजते.