हॅटी मॅक्डॅनियल

अमेरिकेत इ. स. १८६५ पर्यंत गुलामगिरीची अमानुष चाल होती. माणसे गुरांप्रमाणे विकली आणि विकत घेतली जात. हॅटी मॅक्डॅनियलचे आईवडील अशा गुलामीतच जन्मले होते. वडील हेन्री यांनी यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढाई केली. पण तेथील दुखापतींनी त्यांचे शरीर कायमचे खिळखिळे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कॅन्सस राज्यातील विचिटा गावी हॅटीचा जन्म झाला. तेरा भावंडांत ती सर्वांत धाकटी. घरी दारिद्र्य होते. परंतु आईच्या गळ्यात गाणे होते आणि तो वारसा मुलांकडे आला.

पुढे हे कुटुंब कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरी राहू लागले. शाळेत असतानाच हॅटीने काव्यवाचनाचे पदक मिळविले. लवकरच शाळा सोडून ती आपल्या भावाच्या नाटकमंडळीबरोबर हिंडू लागली. काही वर्षांनी नभोवाणीवरही तिचे गाणे ऐकू येऊ लागले. परंतु १९२९ साली मोठी मंदी आली आणि कलावंतांची कामे पटापट बंद पडली. तेव्हा मिलवॉकी शहरातील एका करमणूकगृहात हॅटीने स्त्रियांच्या प्रसाधनगृहात चाकरी धरली. हाती टॉवेल घेऊन उभी राहणारी ही बाई उत्तम गाते, हे मालकाला कळावयास वेळ लागला. पण एकदा रंगमंचावर पाऊल पडल्यावर श्रोत्यांनी तिला उतरू दिले नाही.

१९३१ साली ती लॉस अँजेलिसला आली. बोलपटाचे युग नुकतेच सुरू झाले होते. मात्र कृष्णवर्णीय नटनट्यांच्या वाट्याला बहुधा नोकर-मोलकरणींच्याच दुय्यम भूमिका येत. हॅटीने त्या पत्करल्या. पडद्यावर मोलकरीण व्हावे आणि काम नसेल त्या दिवशी खरोखरीच दुसऱ्याच्या घरी राबावे, असा तिचा क्रम होता! कित्येक बोलपटांत तिचे नावसुद्धा झळकले नाही. १९३४ च्या ‘जज प्रीस्ट’ने तिला प्रथम ओळख मिळवून दिली.

१९३९ साली ‘गॉन विथ द विंड’ हा भव्य बोलपट आला. त्यातील मॅमी ही दासी हॅटीने अशी उभी केली, की धन्याच्या मुलीला धाकात ठेवणारी, तिच्या दुःखाने कळवळणारी ती करारी बाई प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिली. परंतु अटलांटा शहरात पहिल्या खेळाचा सोहळा झाला, तेव्हा वर्णभेदाच्या निर्बंधांमुळे हॅटीला तेथे जाता आले नाही.

२९ फेब्रुवारी १९४० रोजी ऑस्कर पारितोषिकांचा समारंभ झाला. ज्या हॉटेलात तो भरला, तेथे कृष्णवर्णीयांना मज्जाव असे. निर्मात्याने खास परवानगी काढली, तरीही हॅटीला सहकाऱ्यांपासून दूर, भिंतीकडेच्या एका लहानशा मेजावर बसविले गेले. तेथून उठून ती पुढे गेली आणि सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक तिने स्वीकारले. हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती होय. सहायक भूमिकांसाठी त्या काळी पुतळा नव्हे, तर एक फलक देत असत.

एवढे होऊनही तिला मोलकरणीच्याच भूमिका मिळत राहिल्या. त्या स्वीकारल्याबद्दल तिच्याच समाजातील पुढाऱ्यांनी तिच्यावर टीका केली. हा बोल तिला फार लागला. टीकाही अगदी निराधार नव्हती. पण दुसरे दार तिच्यासाठी उघडेच कोठे होते?

पडद्याबाहेर मात्र ती नमली नाही. लॉस अँजेलिसच्या एका चांगल्या वस्तीत तिने घर घेतले, तेव्हा काही गोऱ्या रहिवाशांनी तिला व तिच्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना बाहेर काढण्यासाठी दावा लावला. हे सर्वजण एकजुटीने लढले. १९४५ साली न्यायालयाने तो दावा फेटाळला व हॅटी आपल्या घरात राहिली.

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी तिचे निधन झाले. हॉलिवूडच्या दफनभूमीत विसावण्याची तिची इच्छा होती. परंतु तिच्या वर्णामुळे ती जागा तिला नाकारली गेली. तिने आपला फलक हॉवर्ड विद्यापीठाला दिला होता, तोही पुढे हरवला. १९९९ साली त्याच दफनभूमीत तिचे स्मारक उभारले गेले आणि २०२३ साली हॉवर्ड विद्यापीठाला तिच्या नावाचा नवा फलक मिळाला.