पंडिता रमाबाई : स्त्रीच्या देहाचा मान

वाचकहो, आपल्या गांवांत मुलीची परीक्षा बहुधा कशावरून होते? वर्ण गोरा कीं सांवळा, केंस लांब कीं आखूड, अंगावर दागिने किती, ती मान खालीं घालून चालते कीं नाहीं, ह्या गोष्टी आधीं पाहिल्या जातात. तिची बुद्धि, प्रकृति व शील ह्यांची चौकशी मागाहून होते. पुढें तिचा पति वारला म्हणजे जो शृंगार काल तिच्यावर आग्रहानें घातला, तोच आज बळजबरीनें उतरविला जातो. ह्या दोन्ही रीतींचें मूळ एकच आहे. स्त्रीचा देह तिच्या स्वाधीन नसून पाहणाऱ्या लोकांच्या स्वाधीन आहे, अशी ही समजूत आहे. पंडिता रमाबाई ह्यांनीं ही समजूत मोडण्यांत आपलें सगळें आयुष्य वेंचिलें. त्यांचें नांव आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकिलें आहे. परंतु ह्या दृष्टीनें त्यांचें चरित्र फारसें सांगितलें जात नाहीं, म्हणून आम्ही तें येथें थोडक्यांत देतों.

रमाबाईंचा जन्म सन १८५८ च्या एप्रिल महिन्यांत सह्याद्रीच्या रांगेंतील गंगामूळ नांवाच्या रानांत झाला. तें ठिकाण आजच्या कर्नाटक राज्यांत आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोंकणस्थ ब्राह्मण. तरुणपणीं त्यांनीं आपल्या गुरूंस पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवितांना पाहिलें होतें, आणि आपणहि आपल्या पत्नीस तसेंच शिकवावें असें त्यांच्या मनांत भरलें. त्या काळीं स्त्रीनें विद्या घेतली तर घरावर अरिष्ट येतें असें लोक समजत. शास्त्रीबोवांनीं लोकांचा विरोध सोसला, पत्नी लक्ष्मीबाईंस घेऊन ते रानांत जाऊन राहिले, व तेथें त्यांस शिकविलें. पुढें लक्ष्मीबाईंनीं पहांटे उठून आपल्या मुलीस शिकविलें, आणि रमाबाईंनीं भागवताचे हजारों श्लोक तोंडपाठ केले. वडील मुलीचें लग्न लहान वयांत करून देऊन आईबापांस पस्तावण्याची पाळी आली होती. म्हणून रमाबाईंचें लग्न त्यांनीं केलें नाहीं. त्या काळच्या ब्राह्मण घरांत ही मोठी धाडसाची गोष्ट होती.

हें कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराण सांगत गांवोगांव पायीं फिरे. सन १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत वडील, आई व वडील बहीण हीं एकामागून एक उपासमारीनें व रोगानें वारलीं. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास हे दोघेच उरले. दोघांनीं हजारों मैलांची वाट पायांखालीं घातली. स्त्री म्हणजे अबला, तिला उन्हातान्हाचें काम झेपत नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं ह्या तरुण मुलीची ती पायपीट ध्यानांत आणावी. सन १८७८ त दोघें कलकत्त्यास पोंहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

सन १८८० त बंधु वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिन बिहारी मेधवी ह्या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, आणि वधूचें वय २२ वर्षांचें. हें सर्वच लोकांस विपरीत वाटलें. पुढल्या वर्षीं मनोरमा नांवाची कन्या झाली. परंतु सन १८८२ च्या फेब्रुवारींत बिपिन बाबू पटकीनें वारले, आणि २३ वर्षांच्या रमाबाई विधवा झाल्या.

त्या काळीं उच्च जातींतील विधवेचें काय होत असे, हें आजच्या तरुण वाचकांस ठाऊक नसेल. न्हाव्याकडून तिचें डोकें भादरून घेत. तिला तांबडें आलवण नेसवीत, दागिने काढून घेत, व दिवसांतून एकच वेळ जेवूं देत. मंगल कार्यांत तिनें समोर येऊं नये असा दंडक असे. पति मेला तो हिच्या पातकानें, असें मानून सासरचीं माणसें तिचा छळ करीत. ज्या मुलींनीं पतीचें तोंडहि नीट पाहिलें नव्हतें अशा आठ-दहा वर्षांच्या बालविधवाहि त्यांत असत. तिला कुरूप करून ठेवावें म्हणजे तिचें व कुळाचें शील राखलें जाईल, असें ह्या रीतीचें समर्थन केलें जाई. पुरुषाची नजर वांकडी, आणि शिक्षा मात्र स्त्रीच्या केंसांना!

रमाबाई तान्ह्या मुलीस घेऊन सन १८८२ त पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला व स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें. त्याच वर्षीं शिक्षणाची चौकशी करणारें हंटर साहेबांचें मंडळ पुण्यास आलें. त्यापुढें साक्ष देतांना बाईंनीं मुलींस शिकविण्यास स्त्री शिक्षिका तयार कराव्या असें सांगितलें. तसेंच हिंदी स्त्रियांस वैद्यकीचें शिक्षण द्यावें अशी मागणी त्यांनीं केली. पुरुष डॉक्टरापुढें आपलें दुखणें सांगण्यापेक्षां मरण बरें, असें मानून कित्येक स्त्रिया खरोखरच मरत होत्या. लाज हें स्त्रीचें भूषण आहे असें आपण सहज बोलतों. परंतु त्या लाजेची किंमत किती बायकांनीं आपल्या प्राणानें दिली, हें बाईंनीं सरकारापुढें मांडलें. सन १८८५ त स्त्रियांस वैद्यकीय साहाय्य मिळावें म्हणून लेडी डफरीन ह्यांच्या नांवानें फंड निघाला, तेव्हां ह्याच दुःखाकडे मोठ्या लोकांचें लक्ष गेलें.

स्वतः डॉक्टर व्हावें अशी रमाबाईंची इच्छा होती. त्यासाठीं सन १८८३ त त्या इंग्लंडास गेल्या. परंतु त्यांस ऐकूं कमी येत असे, म्हणून तो बेत सोडावा लागला. त्यांनीं चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत अभ्यास केला, व तेथें संस्कृत शिकविलें. इंग्लंडांतच, वाँटेज येथें, सन १८८३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. येथें एक गोष्ट आपल्या मंडळ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. प्रभूचा स्वीकार करितांना बाईंनीं आपलें लुगडें सोडलें नाहीं, आणि त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या. परदेशी पोशाख केला म्हणजे कोणी अधिक ख्रिस्ती होतो असें त्यांस वाटलें नाहीं.

सन १८८६ त त्या अमेरिकेस गेल्या. त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी ह्यांस ११ मार्च रोजीं फिलाडेल्फिया येथें डॉक्टरची पदवी मिळाली, तो समारंभ त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. आनंदीबाई पुढल्याच वर्षीं, वयाच्या २१ व्या वर्षीं, क्षयानें वारल्या. बाईंनीं सन १८८७ त उच्च जातींतील हिंदु स्त्रीच्या स्थितीविषयीं इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या पुस्तकानें व त्यांच्या व्याख्यानांनीं अमेरिकन लोकांचीं मनें हालविलीं, आणि बोस्टन येथें त्यांच्या कार्यास दहा वर्षें मदत देण्यासाठीं मंडळी स्थापन झाली.

स्वदेशीं परत येऊन रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें विधवांस पोटभर अन्न, स्वच्छ अंथरूण, खेळण्यास मोकळी जागा व शिकण्यास पुस्तकें मिळत. ज्या मुलींस घरीं अपशकुनी म्हणत, त्या येथें हंसूं लागल्या. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ह्यांचा पुढें सन १८९३ त धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं पुनर्विवाह झाला. त्या कर्व्यांनींच सन १८९६ त अनाथ बालिकाश्रम व सन १९१६ त स्त्रियांचें विद्यापीठ काढिलें.

सन १८८९ च्या डिसेंबरांत मुंबईस सामाजिक परिषद भरली. विधवेचें मुंडन तिच्या इच्छेविरुद्ध होऊं नये ह्या विषयावर रमाबाई भर सभेंत पुरुषांपुढें उभ्या राहून बोलल्या. पुढल्या वर्षीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हाव्यांनीं विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाहीं असें ठरविलें. हात ज्यांचा चाले त्यांनींच नकार दिला, ही किती थोर गोष्ट! आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ लोक कष्टकरी आहेत. त्यांनीं ह्या न्हाव्यांचें स्मरण ठेवावें.

रमाबाईंचीं छायाचित्रें पाहावीं. नेसूं पांढरें, केंस आखूड, अंगावर दागिना नाहीं. मुंडनाविरुद्ध झगडणारी ही बाई स्वतः मात्र केंस आखूड ठेवी, ह्यांत कोणास विसंगति वाटेल. परंतु तसें नाहीं. लांब केंस चांगले कीं आखूड चांगले, हा त्यांचा वाद नव्हता. केंसांचा धनी कोण, हा वाद होता. स्वखुषीनें साधेपणा पत्करणें निराळें, आणि चौघांनीं धरून वस्तरा फिरविणें निराळें.

ख्रिस्ती शिकवणीचा मुलींवर परिणाम होतो अशा तक्रारीवरून सन १८९३ त बऱ्याच पालकांनीं सदनांतून मुली काढून नेल्या. तरी काम बंद पडलें नाहीं. सन १८९६-९७ च्या दुष्काळांत बाई मध्य प्रांतांत गेल्या व सुमारें ३०० मुली व बायका वांचवून आणिल्या. त्या वेळीं पुण्यांत प्लेग होता, म्हणून त्यांस केडगांव येथील शेतांत नेलें. त्याच प्लेगांत सरकारी इस्पितळांत स्त्रियांची अब्रू राखली जात नाहीं अशी तक्रार बाईंनीं वर्तमानपत्रांतून उघड मांडली, आणि त्याविषयीं विलायतेच्या पार्लमेंटांत प्रश्न निघाले. ज्या सरकाराच्या धर्माचा आपण स्वीकार केला त्याला बोल कसा लावावा, असा संकोच त्यांनीं धरला नाहीं.

केडगांवच्या मुक्ति सदनांत सन १९०० च्या सुमारास १,९०० च्या आसपास माणसें राहत होतीं. तेथें बायका विणकाम, शिवणकाम, दुभत्याचें काम व शेतकाम करीत, तेलाचा घाणा चालवीत, आणि छापखान्यांत खिळे जुळवीत. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन होतें, आणि आंधळ्यांना मनोरमाबाईंनीं बोटांनीं वाचावयास शिकविलें. जीं कामें पुरुषांचींच समजलीं जात, तीं दुष्काळांत हाडांचा सांपळा होऊन आलेल्या ह्या मुली अन्न व शिक्षण मिळतांच करूं लागल्या. बाईंनीं म्हातारपणीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. तें छापण्याचें कामहि ह्याच स्त्रियांच्या हातांनीं झालें. सन १९२१ त मनोरमाबाई वारल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला. मुक्ति मिशनचें काम आजहि केडगांवीं चालू आहे.

त्यांच्या मृत्यूस बरोबर शंभर वर्षें झालीं त्या सन २०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें एक ठराव केला. पति वारल्यावर पत्नीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें व मंगळसूत्र तोडणें ह्या रीति गांवांत बंद कराव्या, असा तो ठराव होता. ह्यावरून दोन गोष्टी कळतात. रीति मोडतां येतात, ही एक. आणि शंभर वर्षें लोटलीं तरी त्या सर्वस्वीं मोडल्या नव्हत्या, ही दुसरी.

तेव्हां उपदेशक बंधूंनो व मंडळींतील मातांनो, आम्ही आपणांस विचारतों. आपल्या घरीं सून सर्वांच्या मागून उरलेलें जेवते कीं नाहीं? अंगांत रक्त कमी म्हणून ती धापा टाकीत पाणी वाहते, तेव्हां तिला दवाखान्यांत नेतां, कीं बाईमाणसाचें असेंच चालायचें म्हणून सोडून देतां? मुलगी सांवळी म्हणून तिला गोरेपणाचीं मलमें आणून देतां, आणि वहीपेन्सिलीस मात्र पैसे नाहींत म्हणतां काय? मुलगा धांवला तर कौतुक, आणि मुलगी धांवली तर तिला दटावणें, असें तर होत नाहीं ना? कायद्यानें १८ वर्षें पुरीं होण्याआधीं मुलीचें लग्न करतां येत नाहीं. परंतु मनांतून तिच्या लग्नाची घाई तिच्या दहाव्या वर्षींच सुरू होते, हें आम्हांस गांवोगांव दिसतें. आणि मंडळींतील एखादी विधवा लग्नसमारंभांत मागें कोपऱ्यांत बसली असेल, तर तिला तेथें कोणी बसविलें?

देवानें स्त्रीला देह दिला तो लोकांनीं निरखावा म्हणून नव्हे, आणि लोकांनीं विद्रूप करावा म्हणूनहि नव्हे. तो पोसावा, बळकट करावा, स्वच्छ राखावा व सत्कार्यांत लावावा, म्हणून दिला. नटण्यांत पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वेणींत फूल माळावें कीं नाहीं, हें जिची वेणी तिनें ठरवावें; विधवेनेंहि ठरवावें. येत्या रविवारीं उपासनेनंतर आपल्या मंडळींतील विधवा भगिनीस पुढें बोलावून इतरांच्या बरोबरीनें बसवा, आणि घरीं गेल्यावर सून व मुलगी ह्यांस आपल्यासंगतीं एकाच वेळीं जेवावयास बसवा. रमाबाईंचें स्मरण करण्याची ह्याहून सोपी रीत आम्हांस ठाऊक नाहीं.