लक्ष्मणराव किर्लोस्कर : नांगराचा फाळ व लेथचें हत्यार

विद्यार्थिमित्रहो, आपल्या माण तालुक्यांतील मुरमाड रानांत नांगर धरलेल्या कोणत्याही शेतकऱ्यास विचारा, नांगराचें सर्वांत आधीं काय झिजतें? तो तत्काळ सांगेल कीं, फाळ. नांगराचें बाकीचें अंग जसेंच्या तसें राहतें. जमिनीशीं प्रत्यक्ष झुंजणारा तो लहानसा तुकडा मात्र बोथट होतो. लेथवर लोखंड कातणाऱ्या कारागिराची अडचणही हीच असते. ज्या पुरुषानें आपल्या शेजारच्या मुलुखांत लोखंडी नांगर घडविला, व ज्याच्या घराण्यानें पुढें लेथही घडविले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचें चरित्र या दृष्टीनें वाचण्याजोगें आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षां चित्रें व यंत्रें यांकडेच त्यांचा ओढा अधिक होता. चित्रकार होण्याच्या उमेदीनें ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. परंतु तेथें असें आढळून आलें कीं, त्यांच्या डोळ्यांस कांहीं रंगांतील भेद कळत नाहीं. तरुणपणीं एवढा आघात झाला असतां दुसरा एखादा निराश होऊन घरीं परतला असता. लक्ष्मणरावांनीं रंग सोडले, पण रेषा सोडली नाहीं. यंत्रांच्या आराखड्यांस रंगांची गरज नसते, हें ओळखून त्यांनीं ती विद्या हस्तगत केली, व पुढें मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते तीच शिकवूं लागले.

त्याच काळांत त्यांनीं आपले वडील बंधु रामूअण्णा यांच्यासह बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. लक्ष्मणरावांनीं मुंबईहून सायकली पाठवाव्या व रामूअण्णांनीं त्या विकाव्या, असा क्रम होता. १८९७ मध्यें न्यायानें आपल्याला मिळावयाची बढती एका अँग्लोइंडियन गृहस्थास मिळालेली पाहून त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला, आणि ते बेळगांवीं येऊन राहिले. तेथें त्यांनीं प्रथम कडबा कापण्याचें यंत्र व नंतर लोखंडी नांगर तयार केला.

नांगर झाला, पण घेणार कोण? लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं! कडब्याच्या यंत्रांत पातें आणि नांगरांत फाळ हेंच काम करणारें अंग. ज्यानें हीं दोन्ही केलीं, त्याला धारेचा प्रश्न कसा चुकणार?

हा प्रश्न मोठा मौजेचा आहे. धारेस दोन गुण हवेत व ते एकमेकांचे वैरी आहेत. धार कठीण असावी, नाहीं तर ती झिजते. आणि चिवटही असावी, नाहीं तर ती धक्क्यानें तुटते. अमेरिकेंत जेम्स ऑलिव्हर यानें १८५७ मध्यें नांगराच्या ओतकामासाठीं एक युक्ति नोंदविली. वितळलेलें लोखंड थंड धातूच्या साच्यास जेथें भिडतें, तेथें तें भरभर निवून अतिशय कठीण होतें. आंतील भाग सावकाश निवतो व त्या मानानें कमी ठिसूळ राहतो. याप्रमाणें एकाच तुकड्यांत दोन्ही गुण साधतात. फाळ सुटा ठेवला कीं, झिजल्यावर तेवढाच बदलावा लागतो, सारा नांगर टाकावा लागत नाहीं.

किर्लोस्कर बंधूंचा जम बसतो न बसतो तोंच बेळगांवच्या नगरपालिकेस त्यांची जागा हवी झाली व कारखाना हलविणें भाग पडलें. त्या प्रसंगीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन व दहा हजार रुपयांचें बिनव्याजी कर्ज दिलें. जमीन म्हणजे निवडुंगाचें रान व सापांचें माहेर! १९१० मध्यें तेथें वसाहत उभी राहिली. तीच आजची किर्लोस्करवाडी. शिक्षा भोगून आलेल्या माणसांस लक्ष्मणरावांनीं तेथें रात्रीचे पहारेकरी नेमलें, आणि अस्पृश्यतेस आपल्या वसाहतींत थारा दिला नाहीं. पहिल्या महायुद्धांत लोखंड व कोळसा दोन्ही दुर्मिळ झालीं, तेव्हां लाकडाचें जळण वापरून त्यांनीं कारखाना चालूं ठेवला.

ज्या कारखान्यांत यंत्रें घडतात, तेथें लेथ ही सर्वांची आई होय. लेथमध्यें काम फिरतें व हत्यार स्थिर राहून त्याचा कीस काढतें. घर्षणानें हत्याराचें टोंक तापतें, आणि साधें पोलाद तापलें कीं मऊ पडतें. १९०० च्या सुमारास अमेरिकेंत टेलर व व्हाइट यांनीं तापूनही कठीण राहणारें पोलाद सिद्ध केलें. पुढें १९२० नंतरच्या दशकांत जर्मनींत टंगस्टन कार्बाइड व कोबाल्ट यांची भुकटी दाबून व भाजून त्याहूनही कठीण तुकडे होऊं लागले. हा पदार्थ महाग व ठिसूळ. सबंध हत्यार त्याचें करणें परवडत नाहीं. म्हणून पोलादी दांड्याच्या टोंकाशीं नखाएवढा तुकडा स्क्रूनें बसवितात. त्यास आज कारागीर इन्सर्ट म्हणतात.

एवढ्याशा तुकड्याच्या आंखणींत केवढा विचार असतो! त्रिकोणी तुकड्यास तीन कोन. दोन्ही बाजूंनीं वापरतां आला तर सहा. कोनाची गोलाई मोठी ठेवली तर काम गुळगुळीत होतें, पण दाब वाढून बारीक काम थरथरतें. पाठीवर खांच ठेवतात, ती अशासाठीं कीं, किसाचीं लांब वेटोळीं कामाभोंवतीं न गुंडाळतां त्याचे तुकडे पडावे. एक कोन बोथट झाला म्हणजे तुकडा टाकीत नाहींत. फिरवून दुसरा कोन पुढें आणतात.

१९४१ मध्यें हरिहर येथें म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी स्थापन झाली, आणि किर्लोस्कर नांवाचे लेथ पुढें देशभरच्या कार्यशाळांत पोंचले. कित्येक मुलांनीं लोखंड कातण्याचा पहिला धडा त्यांच्यावरच गिरविला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं निवर्तले.

मुलांनो, या चरित्राचें सार त्या नखाएवढ्या तुकड्यांतच आहे. रंगांनीं दगा दिला, तेव्हां लक्ष्मणरावांनीं रेषेचा कोन पुढें केला. नोकरींत अन्याय झाला, तेव्हां कारखान्याचा. बेळगांव सुटलें, तेव्हां निवडुंगाच्या माळाचा. पालकांसही एक विनंति आहे. आपलें मूल एखाद्या विषयांत मागें पडलें म्हणून त्यास निकामी ठरवूं नका. त्याचा दुसरा कोन अजून कोरा असेल; तो शोधून पुढें आणणें हें तुमचें आमचें काम आहे.