दहा हजार काचांचा धनी

छायाचित्रणाचा छंद जडलेल्या माणसाला दोन प्रश्न कधी ना कधी छळतातच. काढलेली छायाचित्रे कुणी विकत घेईल का, हा पहिला. आणि त्या पैशांतून अधिक चांगला कॅमेरा घेता येईल का, हा दुसरा. आज इंटरनेटवर छायाचित्रांचे साठे विकणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत आणि नव्या लेन्सच्या किमती पाहून मध्यमवर्गीय हौशी माणूस रात्र रात्र हिशेब मांडत बसतो. शंभरेक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये युजेन आत्जे नावाचे एक गृहस्थ असाच साठा विकून तीस वर्षांहून अधिक काळ जगले. कॅमेऱ्याची अदलाबदल करण्याच्या भानगडीत मात्र ते पडले नाहीत.

आत्जे यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८५७ रोजी फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या लिबूर्न या गावी झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि आजोळी बोर्दोला त्यांचे पालनपोषण झाले. तारुण्यात काही काळ त्यांनी व्यापारी जहाजांवर नोकरी केली. पण ओढ होती ती रंगभूमीची. १८७८ मध्ये ते पॅरिसला आले, नाट्यशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेत एकदा नापास झाले आणि पुढच्या वर्षी उत्तीर्ण झाले. लष्करी सेवा सक्तीची असल्याने शिक्षणाकडे दुर्लक्ष झाले आणि १८८१ मध्ये त्यांना संस्थेतून काढून टाकण्यात आले. नंतर फिरत्या नाटक मंडळ्यांतून दुय्यम भूमिका करीत ते गावोगाव हिंडले. तेथेच व्हॅलेंटीन ही अभिनेत्री त्यांच्या आयुष्यात आली आणि अखेरपर्यंत सोबत राहिली. पुढे स्वरयंत्राच्या विकाराने आवाज गेला आणि नाटकही सुटले. चित्रकार होण्याचा प्रयत्न त्यांनी करून पाहिला, तोही साधला नाही. तिशी उलटलेल्या, हाती कोणतेच कसब नसलेल्या या माणसाला पोटासाठी काहीतरी करणे भागच होते.

चित्रकारांच्या सहवासात त्यांना एक गोष्ट दिसली होती. झाडाचा बुंधा, घोड्याचे पाय, नांगरलेले शेत, जुन्या दाराची कडी असे काही चित्रात रंगवायचे, तर समोर नमुना हवा. दर वेळी शेतावर जाणे कुणाला परवडणार? १८९० च्या सुमारास आत्जे यांनी पॅरिसमध्ये दारावर पाटी लावली. कलावंतांना लागणारी नमुन्याची छायाचित्रे येथे मिळतात, असा तिचा आशय होता. १८९२ मध्ये एका कलाविषयक नियतकालिकाने या साठ्याची दखलही घेतली. चित्रकार, नेपथ्यकार, शिल्पकार, लाकडावर कोरीव काम करणारे कारागीर, वास्तुरचनाकार असे नाना प्रकारचे लोक त्यांचे गिऱ्हाईक झाले. उत्रिलो आणि ब्राक यांच्यासारख्या चित्रकारांनीही त्यांच्याकडून छायाचित्रे घेतली.

मोठे गिऱ्हाईक मिळाले ते मात्र वेगळ्याच कारणाने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओस्मान यांनी पॅरिसचे जुने मोहल्ले पाडून रुंद, सरळ रस्ते आखले होते. उरलेसुरले जुने शहरही जाणार, ही हुरहुर शतकाच्या अखेरीस तीव्र झाली. १८९७ मध्ये नगरपालिकेने जुन्या पॅरिससाठी एक समितीच नेमली. आत्जे यांनी वारे ओळखले. कार्नाव्हाले संग्रहालय, नगराचे ऐतिहासिक ग्रंथालय, राष्ट्रीय ग्रंथालय, इतकेच नव्हे तर लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, या साऱ्यांनी त्यांच्याकडून छायाचित्रे शेकड्यांनी विकत घेतली. एकेक छायाचित्र विकून घर चालत नसे, संस्थांच्या खरेदीने ते चालले.

या धंद्याची रचना पाहण्याजोगी आहे. प्रत्येक काचेवर ते क्रमांक कोरीत. विषयवार मालिका पाडून छायाचित्रे वह्यांत लावीत आणि त्या वह्या गिऱ्हाइकापुढे उघडीत. गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, त्यांना भेटण्याच्या सोयीच्या वेळा यांची एक वेगळी वही होती. काच मात्र ते स्वतःपाशी ठेवीत. त्यामुळे दाराच्या त्याच मूठीचे छायाचित्र आज लोहाराला, उद्या चित्रकाराला, परवा ग्रंथालयाला विकता येई. आजच्या छायाचित्रसंग्रहांचा व्यवहार तरी याहून निराळा काय आहे?

आता कॅमेऱ्याविषयी. भाता असलेला लाकडी कॅमेरा, तिकाटणे आणि अठरा बाय चोवीस सेंटीमीटरच्या काचा अशी सारी सामग्री मिळून वीसेक किलोंचे ओझे पाठीवर घेऊन ते पहाटेच शहरात निघत. रस्ते तेव्हा मोकळे असत आणि उजेड कोवळा असे. लेन्स साधीच होती आणि छायाचित्राला वेळ लागे. मध्येच कुणी चालत गेले तर त्याची नुसती धूसर छाया काचेवर उमटे. उंच इमारतीचे शिखर चौकटीत यावे म्हणून ते लेन्स वर सरकवीत. तिचा आवाका तेवढा नसल्याने वरचे कोपरे काळे पडत. हे कोपरे आत्जे यांच्या छायाचित्रांची खूणच ठरले. पुढच्या काळातील रसिकांना त्यात काव्य दिसले. मला वाटते, आत्जे यांना त्यात फक्त शिखर दिसत होते.

घरी आल्यावर काचेला कागद भिडवून, चौकटीत दाबून तो उन्हात ठेवायचा. छायाचित्र उन्हातच हळूहळू उमटे, मग सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात त्याला रंग द्यायचा. एनलार्जर नाही, म्हणजे जेवढी काच तेवढेच छायाचित्र. विसाव्या शतकात हाती मावणारे, झटपट छायाचित्र घेणारे कॅमेरे आले, फिल्म आली. हा मनुष्य जुन्याच सामग्रीला धरून राहिला. त्यांच्याच गल्लीत राहणाऱ्या मॅन रे या अमेरिकी छायाचित्रकाराने त्यांना आपला लहान कॅमेरा देऊ केला आणि त्यांनी तो नाकारला, कारण त्यांच्या मते ते यंत्र त्यांच्या विचारापेक्षा जलद चाले, अशी हकिकत मॅन रे यांनीच पुढे सांगितली. काही ठिकाणी या कॅमेऱ्याचे नाव रोलायफ्लेक्स असे दिलेले आढळते. तो बाजारात आला तेव्हा आत्जे हयात नव्हते. तेव्हा हकिकतीचा तपशील जरा जपूनच घ्यावा.

हे केवळ हट्टाने झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. संस्थांना बारकावे स्वच्छ दिसणारी छायाचित्रे हवी होती आणि मोठ्या काचेइतका तपशील तेव्हाचा लहान कॅमेरा देत नसे. शिवाय काचा, कागद आणि रसायने यांचा खर्च चालूच राही. हाती आलेला पैसा पुढच्या काचांत जाई. अशा रीतीने सुमारे साडेआठ ते दहा हजार छायाचित्रांचा साठा उभा राहिला.

पण साठा म्हणजे पैसा नव्हे. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि त्यात व्हॅलेंटीन यांचा मुलगा मारला गेला. गिऱ्हाईक आटले, आत्जे यांचे छायाचित्रणही जवळजवळ थांबले आणि काचा सुरक्षित राहाव्यात म्हणून तळघरात ठेवल्या गेल्या. युद्ध संपले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. आपल्या पश्चात या साठ्याचे मोल न जाणणाऱ्यांच्या हाती तो पडेल, या चिंतेने त्यांनी १९२० मध्ये सरकारच्या ललित कला विभागातील पॉल लेओं यांच्याशी पत्रव्यवहार केला. २,६२१ काचा १० हजार फ्रँकना विकल्या गेल्या. म्हणजे एका काचेला चार फ्रँकही पडले नाहीत. ज्या काचा जवळ ठेवून धंदा चालला होता, त्याच आता गेल्या.

गंमत अशी, की या पैशाने त्यांना मोकळीक मिळाली. नवा कॅमेरा तेव्हाही आला नाही. जुनाच कॅमेरा उचलून ते सें-क्लू आणि सो येथील ओसाड राजोद्यानांत जाऊ लागले. १९२५ च्या वसंतात सो येथे त्यांनी काढलेली तळी, भग्न पुतळे आणि धुक्यातली झाडे कोणत्या गिऱ्हाइकाने मागितली होती? कुणीच नाही. पोटासाठी तीसेक वर्षे राबलेला हात येथे प्रथमच स्वतःसाठी चालला, असे ती छायाचित्रे पाहताना वाटत राहते. खाणेही तोवर दूध, पाव आणि साखर एवढ्यावर आले होते.

१९२६ मध्ये अतिवास्तववाद्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे एक छायाचित्र झळकले. १९१२ चे सूर्यग्रहण पाहण्यासाठी चौकात जमलेले लोक त्यात आहेत. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचे नाव छापले गेले नाही. आपण काढतो ती कलाकृती नसून निव्वळ नोंद आहे, यावर ते ठाम होते. त्याच वर्षी व्हॅलेंटीन गेल्या. मॅन रे यांच्याकडे पूर्वी साहाय्यक असलेल्या बेरेनिस अॅबट या तरुणीने १९२७ मध्ये आत्जे यांची छायाचित्रे काढली. ती दाखवायला ती गेली, तेव्हा ४ ऑगस्ट रोजीच ते निवर्तल्याचे तिला कळले.

अॅबट यांनी पुष्कळ शोधाअंती आत्जे यांचे जुने नाट्यमित्र आंद्रे कालमेत यांना गाठले आणि १९२८ मध्ये उरलेल्या साठ्याचा मोठा भाग, हजारावर काचा व हजारो छायाचित्रे, विकत घेतली. चाळीस वर्षे त्यांनी ती सांभाळली. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हा संग्रह खरेदी केला. तेथील अभ्यासकांना कोणते छायाचित्र केव्हाचे, हे ठरवता येईना. अखेरीस काचांवर कोरलेले आत्जे यांचे धंद्याचे क्रमांक जुळवून तो क्रम लावण्यात आला.