न्याय्य वाट्याचे गणित : मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी

बीजगणित हा परीक्षेपुरता विषय आहे, संसाराशी त्याचा काही संबंध नाही, असे अनेक पालक मानतात आणि विद्यार्थीही तसेच समजून चालतात. ज्या ग्रंथामुळे या विद्येला युरोपात ‘अल्जिब्रा’ हे नाव मिळाले, तो ग्रंथ मात्र व्यापारातील देणेघेणे, जमिनीची मोजणी, कालव्यांची खोदाई आणि मृताच्या मालमत्तेची वाटणी अशा नित्याच्या गरजांसाठी लिहिला गेला होता. त्या ग्रंथाच्या कर्त्याचे चरित्र स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवताना आम्हांस विशेष समाधान वाटते.

मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी यांचा जन्म इसवी सन ७८० च्या सुमारास झाला. अरल समुद्राच्या दक्षिणेकडील ख्वारज्म प्रदेशाचे नाव त्यांच्या नावात आहे. हा प्रदेश आज उझबेकिस्तान व तुर्कमेनिस्तान या देशांत विभागलेला आहे. त्यांच्या कर्तृत्वाचा काळ बगदादमध्ये गेला. खलिफा अल्-मन्सूर यांनी ७६२ मध्ये वसवलेले हे नगर पुढे विद्येचे माहेरघर झाले. खलिफा अल्-मामून यांच्या कारकिर्दीत, म्हणजे ८१३ ते ८३३ या काळात, तेथील ‘बैत अल्-हिक्मा’ अर्थात ज्ञानगृहाशी अल्-ख्वारिझ्मी यांचा निकटचा संबंध होता.

या ज्ञानपरंपरेत बौद्धांचाही एक धागा आहे. अल्-मामून यांचे पिता हारून अल्-रशीद यांचे वजीर बर्मकी घराण्यातील होते. या घराण्याचे पूर्वज बल्ख येथील नवविहार या प्रसिद्ध बौद्ध विहाराचे प्रमुख होते. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएन त्संग यांनी भेट दिलेला विहार तो हाच. बर्मकींनी संस्कृतातील वैद्यकग्रंथ अरबीत आणविले. भारतीय ज्योतिषगणित त्याआधीच, अल्-मन्सूर यांच्या दरबारात, पोहोचले होते. अल्-ख्वारिझ्मी यांनी त्यावर आधारलेली ग्रहगणिताची कोष्टके तयार केली. शून्यासह दहा चिन्हांनी संख्या लिहिण्याच्या भारतीय पद्धतीवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते आज केवळ लॅटिन रूपात उरले आहे. त्यांच्या नावाच्या लॅटिन उच्चारातून ‘अल्गोरिदम’ हा शब्द जन्मला आणि आज तो संगणकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी आहे.

त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ ८२० च्या सुमाराचा. त्यात क्ष नाही, अधिकचिन्ह नाही, बरोबरीचे चिन्हही नाही. सारे काही शब्दांत लिहिलेले आहे. जे शोधायचे त्याला ते ‘शय्’, म्हणजे ‘वस्तू’, म्हणतात. वजा असलेली राशी दुसऱ्या बाजूस मिळवून समीकरण पूर्ण करणे म्हणजे ‘अल्-जब्र’. हाड बसविण्याच्या कामालाही अरबीत हाच शब्द आहे. दोन्ही बाजूंची समान पदे परस्परांत वळती करणे म्हणजे ‘अल्-मुकाबला’. या दोन क्रियांनी कोणताही प्रश्न त्यांनी सांगितलेल्या सहा प्रकारांपैकी एकात आणता येतो. नियम सांगून ते थांबले नाहीत. तो का खरा ठरतो, हे चौरसांच्या आकृत्या काढून त्यांनी पटवून दिले.

पुढे येतात व्यवहारातील उदाहरणे. महिन्याला दहा दिरहम मजुरी असलेल्या माणसाने सहा दिवस काम केले, तर त्याला किती द्यावे? सहा दिवस हा महिन्याचा पाचवा भाग, म्हणून दोन दिरहम. ग्रंथाचा जवळजवळ अर्धा भाग वारसा व मृत्युपत्रे यांच्या हिशेबांनी व्यापला आहे. त्यांतील एक उदाहरण आम्ही मुद्दाम सविस्तर देत आहोत.

एक मनुष्य दोन मुलगे मागे ठेवून मरण पावतो. मालमत्तेचा तिसरा हिस्सा त्याने एका परक्या माणसाला दिला आहे. रोख दहा दिरहम शिल्लक आहेत आणि एका मुलाकडे दहा दिरहमांचे येणे आहे. सर्व येणे जमेस धरले, तर मालमत्ता वीस होते आणि प्रत्येकाचा वाटा पावणेसातच्या जवळ जातो. परंतु हाती असलेल्या दहा दिरहमांत परक्याचा व दुसऱ्या मुलाचा, असे दोन वाटे भागत नाहीत. येणे मुळीच धरले नाही, तर ऋणको मुलाला कर्जाची रक्कमही राहते आणि वर रोख वाटाही मिळतो. दोन्ही मांडण्या चुकीच्या ठरतात. अल्-ख्वारिझ्मी सांगतात की, कर्जापैकी त्या मुलाच्या वाट्याइतकीच रक्कम हिशेबात घ्यावी आणि तिला ‘वस्तू’ म्हणावे. मग मालमत्ता दहा अधिक वस्तू इतकी झाली. तिचा तिसरा हिस्सा परक्याचा. उरलेल्याचे दोन समान भाग केले की प्रत्येक मुलाला पुन्हा तिसरा हिस्साच येतो आणि तो वस्तूइतका असला पाहिजे. म्हणजे तीन वस्तू बरोबर दहा अधिक एक वस्तू. दोन्हीकडची एक वस्तू वळती केली, तर दोन वस्तू बरोबर दहा, म्हणून एक वस्तू पाच. रोख दहातून परक्याला पाच, दुसऱ्या मुलाला पाच, आणि ऋणको मुलाचा वाटा त्याच्या कर्जात वळता. कोणाचेही बुडत नाही.

समीकरण शिकविण्याचे मर्म या एका उदाहरणात आले आहे. अज्ञाताला नाव द्यावे, एकच राशी दोन प्रकारे मांडावी, दोन्ही मांडण्या समान ठेवाव्यात आणि आलेले उत्तर पुन्हा व्यवहारात नेऊन तपासावे. सोडविण्याची रीत पाठ करता येते. मांडणीसाठी मात्र प्रसंग समजावा लागतो.

त्या काळाच्या मर्यादाही या ग्रंथात दिसतात. गुलामांच्या मुक्ततेचे हिशेब त्यात आहेत. अन्यायी नियम समीकरणाने न्याय्य होत नाही. त्या नियमाने कोणाला किती मिळते, हे मात्र ते उघड करते, आणि उघड झालेल्या अन्यायाविरुद्ध उभे राहणे माणसाच्या हाती असते. आमच्या समाजाला याचे मोल वेगळे सांगावयास नको. हिशेब न समजणाऱ्या कुळांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठविले आणि जमिनी गमावल्या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्या लुबाडणुकीला वाचा फोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेव्हाही प्रश्न कसणाऱ्याच्या पदरात काय पडते हाच होता.

अल्-ख्वारिझ्मी ८५० च्या सुमारास निवर्तले. ११४५ मध्ये रॉबर्ट ऑफ चेस्टर यांनी स्पेनमधील सेगोव्हिया येथे त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला आणि पुढे शतकानुशतके युरोप त्यातून शिकला. आमच्या विद्यार्थ्यांनी घरातील उसनवारी, बचतगटाचे व्याज, शेतमालाची पट्टी आणि रोजंदारी यांची समीकरणे स्वतः मांडावीत, आणि माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपल्या व्यवहारातील खरे प्रश्न वर्गात आणून द्यावेत, एवढीच आमची विनंती आहे.